पेटीच्या खोक्यातली वही

तेराव्याला माणसं पांगली, मांडववाला खांब उपटून घेऊन गेला आणि वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. कोपऱ्यात माझ्या मित्राची पेटी होती, लाकडी खोक्यात, कडी लावलेली. वहिनींनी कडी काढली, पेटी आणि फळी यांच्या मधल्या फटीत हात घातला आणि एक दोनशे पानी वही बाहेर ओढली. कपाशीच्या बियाण्याच्या जुन्या कॅलेंडरचं जाड पान तिला कव्हर म्हणून घातलेलं होतं. “हे तुमीच न्या,” वहिनी म्हणाल्या, “मले वाचनं होत नाई.” त्यांना वाचता येतं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं.

जवळपास चाळीस वर्षं मी वलगावातल्या भजनात त्याच्या उजव्या हाताला बसून टाळ धरले. एकादशीचं भजन, काकडा, मयतीची रात्र, सप्ताह, लग्नाआधीचा गोंधळ, सगळीकडे आम्ही बरोबर. इतक्या वर्षांत वहीबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता. बोलण्याचा मोठा शौक त्याला नव्हताच. पेटीवाल्यानं बोलू नये, पेटीनं बोलावं, अशी त्याची समजूत. त्यामुळे ती वही उघडली तेव्हा आपण एका अनोळखी माणसाला भेटतो आहोत असं मला पहिल्या पाच पानांत वाटलं. आणि सहाव्या पानापासून हाच तो, आपण ज्याच्या शेजारी बसत होतो तोच, असं वाटून पुढे वाचवेना.

पुढच्या पानांत वाचकांना जे मिळेल ते त्या वहीतलं आहे. त्याशिवाय मी नोकरीसाठी काही वर्षं पुण्याला होतो तेव्हा त्यानं मला धाडलेली पोस्टकार्डं आहेत. पुस्तकावर त्याचं नाव नाही, फोटो नाही. हे घरच्यांनी ठरवलं आणि मला ते पटलं. वलगावात ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीत कळेल, आणि बाहेरच्या वाचकाला नावाची गरज पडू नये असंच ते लिखाण आहे.

पण छापावं का, हा प्रश्न मी सहज सोडवला नाही. दोन पावसाळे वही माझ्याकडे तशीच पडून होती.

कायद्याचं बोलायचं तर ते सोपं आहे. पत्र ज्याला येतं त्याचा फक्त कागद. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या माघारी त्याच्या वारसांचा. १९५७ चा आपला कॉपीराइटचा कायदा हेच सांगतो. म्हणजे माझ्या नावानं आलेली, माझ्या ट्रंकेत ठेवलेली पोस्टकार्डंसुद्धा मी एकट्यानं छापू शकत नव्हतो. वहिनींची आणि मुलाची संमती मी लेखी घेतली. त्यानं मन हलकं झालं नाही. वारसाला ‘हो’ म्हणता येतं, पण ज्यानं लिहिलं तो काय म्हणाला असता, हे वारसालाही माहीत नसतं.

मग मी माझ्या अमरावती जिल्ह्याकडे पाहिलं. वऱ्हाडात हा प्रश्न नवा नाही, आठशे वर्षांच्या घरातला आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांची माणसं तिथे जमली, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. त्यातून ‘लीळाचरित्र’ झालं. मराठी गद्याची सुरुवात आपण तिथून मोजतो. पण ते पुस्तक मुळात काय आहे? गेलेल्या माणसाचे खासगी शब्द. जेवताना कोणाला काय म्हणाले, वाटेत कोणाची समजूत कशी घातली, कोणाला काय रागावले. ज्यानं ऐकलं त्याच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी ते विचारून घेतलं. पुढे मूळ प्रत धावपळीत हरवली आणि ज्यांना पाठ होतं त्यांच्या तोंडून ती पुन्हा उभी राहिली. तेव्हा दोघांचे पाठ जुळले नाहीत तर एकाचा खोडला नाही. अमक्याचा पाठ असा, तमक्याचा तसा, म्हणून दोन्ही ठेवले. हिराइसेचं नाव आजही तिच्या पाठावर आहे. विद्यार्थी असताना मला हा काटेकोरपणा पंडितांचा वाटायचा. आता वाटतं, ते प्रेम होतं. जो माणूस आवडतो त्याच्या वाक्यातला एक शब्दही आपल्या पदरचा असू नये, एवढीच त्यामागची धडपड.

आणि नामदेव. ज्ञानदेवांच्या समाधीचे नामदेवांचे अभंग ज्यानं ऐकले असतील त्याला सांगायला नको. १२९६ मध्ये आळंदीला जे झालं ते घरातलं दुःख होतं. निवृत्तिनाथांचं रडणं हे चारचौघांत सांगायचं नव्हे. नामदेवांनी ते कीर्तनात उभं केलं. मित्र होते म्हणून त्यांना ते करता आलं, आणि ते स्वतःही त्या रडणाऱ्यांत होते म्हणून आपल्याला ते ऐकवतं. एक गाणारा माणूस दुसऱ्याला निरोप देतो, त्याची मराठीत घालून दिलेली ही पहिली रीत आहे असं मी मानतो.

पण वलगावच्या माणसाला याबाबतीत सगळ्यात जवळचं उदाहरण दुसरंच आहे, आणि तेच सगळ्यात अवघड.

२० डिसेंबर १९५६. बाबासाहेबांना जाऊन दोन आठवडे झाले होते. आजारी गाडगेबाबांना घेऊन गाडी अमरावतीकडे निघाली होती आणि आमच्या गावाजवळ, पेढी नदीपाशी, त्यांचा श्वास थांबला. शेणगावला जन्मलेला, दापुऱ्याला आजोळी वाढलेला हा माणूस देशभर फिरून अखेर आमच्या वेशीवर येऊन थांबला. मी जिथे मरेन तिथेच मला माती द्या, माझी मूर्ती नको, समाधी नको, देऊळ नको, असं ते बजावत आले होते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. तरी अमरावतीला त्यांची समाधी आहे. वलगावला निर्वाणभूमी आहे. पुण्यतिथीला तिथे गर्दी होते, आणि त्या गर्दीत मी दरवर्षी असतो. त्या गर्दीत माझा मित्र पेटी वाजवायचा.

त्यांची इच्छा मोडली का? मोडली. प्रेमानं मोडली. मी त्या माणसांना दोष देणार नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना कुठेतरी टेकायला जागा लागते. पण एक गोष्ट अशी राहिली आहे की ती त्यांची इच्छा मोडत नाही. जाण्याआधी दीड महिना, ८ नोव्हेंबर १९५६ ला, वांद्र्याला पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी कीर्तन केलं, आणि ते ध्वनिमुद्रित झालं. अक्षरओळख नसलेल्या माणसाचा आवाज फितीवर राहिला. माझ्या मित्राकडे त्याची कॅसेट होती. ती त्यानं इतक्या वेळा ऐकली की तिच्या दोन बाजूंचा आवाज एकमेकांत उतरला होता.

त्या कीर्तनाबद्दल वहीत चार पानं आहेत आणि माझ्या मते वहीतली ती सर्वांत मोलाची. गाडगेबाबांवर खूप लिहिलं गेलं. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांच्या हयातीत लिहिलं, गो. नी. दांडेकरांनी लिहिलं. बाबा काय बोलले हे त्या सगळ्यांत आहे. माझ्या मित्रानं ते कोणत्या सुरात बोलले हे ऐकलं. बाबा प्रश्न टाकतात तेव्हा आवाज कुठे जातो, लोक उत्तर देतात ते त्याच पट्टीत देतात की खाली, बाबा पुढचं वाक्य लोकांच्या सुरावरून उचलतात की स्वतःच्या, हे त्यानं पेटीवर बोट ठेवून तपासलं. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, साथीला पेटी नाही. मग हजारो माणसं एका सुरात कशी राहतात, हा त्याचा प्रश्न होता. त्याला सापडलेलं उत्तर मी इथे सांगत नाही. ते त्याच्याच शब्दांत वाचावं.

इथे पेटीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर वहीतला निम्मा मजकूर नव्या वाचकाला लागणार नाही.

तो वाजवत असे तसाच पेट्या दुरुस्तही करत असे. पोटाला चार एकर कोरडवाहू शेत. पेटी हा वरचा धंदा, आणि खरं म्हणजे खरा धंदा. परतवाडा, चांदूर बाजार, दर्यापूर, मूर्तिजापूर इथून पेट्या त्याच्याकडे येत. पेटीत सूर म्हणजे पितळेची बारीक पट्टी. तिच्या टोकाला कानस फिरवली की ती हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी घासली की सूर उतरतो. चूक झाली तर पितळ परत लावता येत नाही, म्हणून हात हलका लागतो. बोटाखालच्या एका पट्टीला बहुतेक असे दोन सूर असतात, कधी तीन. ते एकमेकांशी केसभरही सरकले तर कानाला एक थरथर येते. तो तिला ‘लाट’ म्हणायचा. लाट जोरात असेल तर सूर लांब आहेत, मंद झाली तर जवळ आले, थांबली की झालं. ही लाट ऐकणं हेच त्याचं सगळं कसब.

पेटीला आपल्या संगीतात मान उशिरा मिळाला. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत दार पुरतं उघडलं नाही. मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, हे आक्षेप खोटे नव्हतेच. पण त्याच काळात खेड्यापाड्यातल्या प्रत्येक भजनात ती होती. पेटीवाल्याची एक जागा असते जी गाणाऱ्याची नसते. तो गाणाऱ्याच्या मागे अर्धा श्वास असतो. कोणाचा दम कुठे तुटतो, कोण घाबरला की चढतो, कोणाचा गळा आज घरून भांडून आला आहे, हे सगळं त्याला आधी कळतं आणि तो ते भात्यानं सांभाळून घेतो, कोणाला सांगत नाही. गोविंदराव टेंबे पेटीवर बसले म्हणूनच ‘माझा संगीत व्यासंग’सारखं पुस्तक लिहू शकले असं मला नेहमी वाटत आलं आहे, भास्करबुवांसारख्या गाणाऱ्यांना त्यांनी जितक्या जवळून ऐकलं तितकं समोर बसणाऱ्या रसिकाला ऐकता येत नाही. पु. ल. देशपांडेही पेटीवालेच. आमच्या मूर्तिजापुरात १९२० मध्ये जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांचं गाणं महाराष्ट्राला समजावून सांगताना पुलंचे शब्द असे नेमके पडत, त्यात त्या पेटीचा वाटा होताच.

माझ्या मित्रानं जे सांभाळून घेतलं ते रात्री घरी येऊन वहीत लिहिलं. कोणाचा सूर कुठे गेला याची यादी नाही ती. उलट, पानापानावर दिसतं ते हे, की चुकलेल्या सुराचं कारण त्याला माणसात सापडायचं. अमका आज पांढरी चारमध्ये गाऊ शकला नाही कारण त्याचं सोयाबीन पाण्यात गेलं. तमक्याचा आवाज आज मोकळा लागला, पोरगी माहेरी आली होती. अशा नोंदींतली जिवंत माणसांची नावं मी काढली आहेत. काही नोंदी पूर्ण काढल्या. भावकीतल्या जमिनीच्या वादाची सात पानं काढली. ती त्याची एकट्याची नव्हती.

काढून टाकणं हीसुद्धा श्रद्धांजली असते, हे मोझरीला दरवर्षी कळतं. तुकडोजी महाराज खंजिरीवर उभा देश जागा करणारे. ११ ऑक्टोबर १९६८ ला ते गेले. त्यांच्या पुण्यतिथीला गुरुकुंजात लाखभर माणूस असतो, आणि चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सगळं थांबतं. खंजिरीचा माणूस, आणि त्याच्यासाठी माणसं गप्प उभी राहतात. आम्ही दोघं तिथे अनेक वर्षं गेलो. एकदा परतीच्या एसटीत तो एवढंच म्हणाला होता, “थे दोन मिनिटं सगळे सुरात असतेत.”

एक पान मात्र असं होतं की ते ठेवावं की काढावं हे मला ठरवता येईना. दोन पावसाळे गेले ते त्या एका पानापायी.

शेवटच्या तीन वर्षांत त्याला वरचे सूर ऐकू येईनासे झाले होते. वय झालं की कान वरून विझत येतो. बोलणं कळतं, पाखरू ऐकू येत नाही. तार सप्तकातली लाट त्याला लागत नव्हती. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. मलाही नाही, मी शेजारी बसत असून. पेट्या येत राहिल्या. तो खालचे सूर स्वतः लावायचा, आणि वरच्या सुरांसाठी शाळेतून आलेल्या नातवाला जवळ बसवायचा. लाट थांबली की पोरानं हात वर करायचा. पोराला तो खेळ वाटे. गिऱ्हाइकाला काही कळलं नाही, कारण पेट्या बरोबर लागत होत्या. वहीत मात्र त्यानं लिहिलं आहे की हे आपलं काम राहिलं नाही, पैसे घेताना हात जड होतो. एका पेटीचे त्यानं अर्धेच घेतले आणि कारण विचारलं तेव्हा वरचे सूर जुनेच चांगले होते असं सांगितलं.

हे छापलं तर त्याचं नाव कमी होतं का? ज्याच्या कानावर आसपासचे तालुके विसंबून होते, त्याचा कान गेला होता हे आपण त्याच्या माघारी का सांगायचं?

मला वाट दाखवली ती एका पुस्तकानं. अल्लादियाखाँसाहेबांनी आपलं आयुष्य नातवाला, अजीजुद्दीनखाँना, तोंडी सांगितलं. खाँसाहेब १९४६ मध्ये गेले. ते कथन इंग्रजीत पुस्तक होऊन २००० साली आलं. मधे पन्नासहून अधिक वर्षं गेली. त्यात त्यांनी आवाज गेल्याचं सांगितलं आहे. तरुणपणी एका दरबारात अति गावं लागल्यानं गळा बसला, पूर्वीचा आवाज परत आला नाही, आणि मग जो उरला त्या आवाजातून त्यांनी आपली गायकी नव्यानं उभी केली. जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं आज आपण ज्या वळणानं ऐकतो त्याच्या मुळाशी तो बसलेला गळा आहे. खाँसाहेबांनी हे लपवलं असतं तर त्यांचं मोठेपण कमी झालं नसतं, पण आपल्याला ते गाणं अर्धंच कळलं असतं. त्यांनी ते नातवाजवळ बोलून ठेवलं.

मी ते पान घेऊन वहिनींकडे गेलो आणि वाचून दाखवलं. त्या बराच वेळ तूर निवडत राहिल्या. मग नातवाला हाक मारली. तो आता कॉलेजात आहे. त्याला म्हणाल्या, “तूच सांग, हात तू वर करत होता.” पोरगा म्हणाला, छापा. पान ठेवलं आहे.

भाषेबद्दल. हस्तलिखित पहिल्यांदा टाइप होऊन आलं तेव्हा सगळं शुद्ध होऊन आलं होतं. ‘मले’चं ‘मला’, ‘पाहाचं’चं ‘पाहायचं’, ‘कायले’चं ‘कशाला’. ज्यानं केलं त्यानं आदरानंच केलं. छापील पुस्तकात मित्राची लाज जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू. मी ती पानं एका संध्याकाळी देवळात भजनाच्या जुन्या मंडळींना वाचून दाखवली. माणसं शांतपणे ऐकत होती. तिसऱ्या पानाशी आमच्यातले सर्वांत वडील, मृदंगावर बसणारे, हात वर करून म्हणाले, “थांब बावा. कोनाचं वाचून राहिला?” मी म्हटलं, त्याचंच. ते म्हणाले, “नाई. हा थो नाई.”

मी वही काढली आणि तेच पान वहीतून वाचलं. अर्ध्या पानावर त्या मृदंगवाल्यांनी डोळे पुसले.

त्या रात्री मी सगळ्या दुरुस्त्या मागे घेतल्या. आपल्याकडे वऱ्हाडीला हसण्यावारी नेण्याची सवय जडली आहे. नाटकात, चित्रपटात ती विनोदापुरती येते. या वहीत ती दुःख, हिशेब, राग आणि सुराचं शास्त्र बोलते. ज्याचं सगळं आयुष्य पितळेवरची केसभर लाट ऐकण्यात गेलं, त्याच्या ‘मले’चं ‘मला’ करणं म्हणजे कानस चुकीच्या टोकाला फिरवणं. र्‍हस्वदीर्घ त्यानं लिहिलं तसं आहे. एका ठिकाणी अक्षर लागलं नाही, तिथे दोन वाचनं शक्य आहेत. दोन्ही दिली आहेत, आणि कोणतं मला वाटतं व कोणतं त्याच्या मुलाला, तेही सांगितलं आहे. रिद्धपूरकरांनी शिकवलेलं एवढं तरी मी पाळलं.

पोस्टकार्डं वहीनंतर छापली आहेत. ती मजेची आहेत आणि त्यांना प्रस्तावनेची गरज नाही. मात्र त्यांतलं एक कार्ड मी वगळलं. माझी आई गेली तेव्हाचं ते आहे. ते माझं आहे.

वहीची शेवटची नोंद तारखेविना आहे. अक्षर तिरपं गेलेलं, पेन बदललेलं. बोरगावकडच्या एका देवळाची पेटी दुरुस्तीला आली होती, तिच्याबद्दल. मंद्र सप्तकातला पंचम थोडा चढतो, भात्याला उजवीकडून हवा सुटते, आणि मग दोन शब्द : “पाहाचं हाये.”

त्यानंतर तो दवाखान्यात गेला. देवळाची माणसं सप्ताह तोंडावर आला म्हणून पेटी तशीच घेऊन गेली. भाता त्यांनी कुठून तरी शिवून घेतला, पंचमाला कोणी हात लावला नाही. गेल्या कार्तिकात मी तिथे भजनाला बसलो होतो. पेटीवर एक नवीन पोरगा होता. तो पंचम अजून तसाच आहे, केसभर वर, आणि त्या गावचे लोक तो तसाच गातात.